ढाल मोजायची ती सेकंदांत

“मामा, सगळ्यांत भारी शील्ड कुठलं?”

भाच्याने हे विचारलं तेव्हा ‘एलिट डेंजरस’ या गेममध्ये त्याने नुकतंच व्हल्चर नावाचं लढाऊ जहाज घेतलं होतं. महिनाभर इकडचा माल तिकडे नेऊन पैसे साठवलेले. उरलेल्या पैशांत सर्वांत महागडं शील्ड बसवायचं आणि अवकाशातल्या चाच्यांच्या मागे लागायचं, असा त्याचा बेत होता. एका शब्दात उत्तर देता आलं असतं : प्रिझमॅटिक. आकड्यांत तेच सर्वांत दणकट. पण ते त्याच्या जहाजाला लावलं असतं तर आठवड्याभरात तो वैतागला असता. म्हणून मी उलट विचारलं, “तू मार खातोस तो कसा? एकदम, की थोडा थोडा?”

तो गोंधळला. हा गेम नव्याने खेळणारा प्रत्येक जण त्याच्यासारखाच आधी ‘किती दणकट’ हे विचारतो, कारण दुकानाच्या पडद्यावर तोच आकडा मोठ्या अक्षरांत दिसतो. शील्ड लढाईत किती वेळ काढून देतं आणि पडल्यावर परत यायला किती वेळ घेतं, हे मात्र आपलं आपल्याला काढावं लागतं. या प्रकरणात आपण तेच काढू. गणित पाचवी-सहावीच्या पलीकडचं नाही.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. 1984 साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या छोट्या संगणकासाठी ‘एलिट’ हा गेम लिहिला. अवकाशात व्यापार करा, चाचेगिरी करा किंवा चाच्यांना मारा, अशी मोकळीक त्यात होती. त्यातल्या जहाजाला पुढची आणि मागची अशा दोन वेगळ्या ढाली होत्या. ब्रेबन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या कंपनीने डिसेंबर 2014 मध्ये त्याचा आजचा वारस आणला, तो ‘एलिट डेंजरस’. त्यात आपली आकाशगंगा तिच्या खऱ्या आकारमानात, सुमारे 400 अब्ज ताऱ्यांसह उभी केली आहे. ढाल आता एकच, जहाजाला सगळीकडून वेढणारी. तिचे प्रकार मात्र तीन आहेत, आणि तिथेच निवडीचा घोळ सुरू होतो.

1. शील्ड म्हणजे गच्चीवरची टाकी

शील्डला भिंत समजू नका, पाण्याची टाकी समजा. भिंत एकतर उभी असते किंवा पडते. टाकीतलं पाणी कमी होतं, परत भरतं. शत्रूचा प्रत्येक वार म्हणजे टाकीचा उघडलेला नळ. टाकी रिकामी झाली की पुढचा वार थेट जहाजाच्या पत्र्यावर. या पत्र्याला हल म्हणतात. शील्ड आपोआप भरतं. हल मात्र लढाईत स्वतःहून भरून येत नाही, बंदरात जाऊन पैसे मोजून दुरुस्त करून घ्यावा लागतो.

टाकी म्हटली की दोन गोष्टी आल्या. टाकीत मावतं किती, आणि ती भरणारा पाइप किती इंची. सोसायटीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाच हजार लिटरची टाकी आहे, पण पाणी अर्ध्या इंचाच्या पाइपने येतं, तर पाहुणे आले की दुपारीच खडखडाट होतो. शेजारी टाकी लहान पण पंप जोरदार असेल तर नळ बंद केल्यावर थोड्याच वेळात ती काठोकाठ होते.

गेममध्ये टाकीचं माप मेगाज्यूलमध्ये दिलेलं असतं. हे ऊर्जेचं खरंखुरं एकक आहे. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. तेव्हा 400 मेगाज्यूलचं शील्ड म्हणजे सुमारे 111 युनिट, एखाद्या लहान घराची महिन्याभराची वीज. लढाईत ती मिनिटभरात उडून जाते.

2. तीन टाक्या, तीन पाइप

पहिला प्रकार साधा, म्हणजे स्टँडर्ड. त्यात ई पासून ए पर्यंत दर्जे असतात. ए सर्वांत दणकट, डी सर्वांत हलका. दुसरा बाय-वीव्ह, तो फक्त सी दर्जात मिळतो. त्याची टाकी लहान, पाइप मोठा. तिसरा प्रिझमॅटिक. त्याची टाकी सर्वांत मोठी, पाइप सर्वांत बारीक, वजन साध्याच्या दुप्पट आणि विजेची भूक दीडपट. हा प्रकार मुळात राजकन्या आइस्लिंग डुव्हाल या गेममधल्या सत्ताधारी पात्राच्या गोटात सामील होऊन, काही आठवडे तिच्यासाठी राबल्यावरच मिळायचा. तेवढ्यामुळेही त्याभोवती एक वलय तयार झालं.

शील्डची ताकद दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरते. एक जहाजाचा मूळ आकडा. व्हल्चरचा 240, फेर-द-लान्सचा 300, तर नवशिक्यांच्या साइडवाइंडरचा फक्त 40. दुसरा जनरेटरचा, म्हणजे शील्ड तयार करणाऱ्या यंत्राचा, गुणक. जहाजाचं वजन जनरेटरला मानवेल तेवढं असेल, तर बाय-वीव्हचा गुणक 0.9, ए दर्जाच्या साध्याचा 1.2 आणि प्रिझमॅटिकचा 1.5. म्हणजे तीन, चार, पाच असं प्रमाण. हिशेबाला सोपं जावं म्हणून आपण एक काल्पनिक जहाज घेऊ, ज्यावर बाय-वीव्ह 300, साधं 400 आणि प्रिझमॅटिक 500 मेगाज्यूल देतं. पुढे सगळीकडे हेच जहाज वापरू.

आता पाइप. पाच नंबरच्या आकाराचं साधं जनरेटर उभं शील्ड सेकंदाला 1 मेगाज्यूल या गतीने भरतं. त्याच आकाराचं बाय-वीव्ह सेकंदाला 2.2. अर्ध्यावर आलेलं शील्ड पूर्ण भरायला साध्याला 200 मेगाज्यूल हवेत, म्हणजे 200 सेकंद, तीन मिनिटं वीस सेकंद. बाय-वीव्हला हवेत 150, ते 2.2 च्या गतीने 68 सेकंदांत भरतात.

तीन मिनिटं वाचायला थोडी वाटतात. पण घड्याळ लावून, चाच्यांनी भरलेल्या लघुग्रहांच्या कड्यात तीन मिनिटं काही न करता थांबून बघा.

3. पडल्यावर काय?

शील्ड पूर्ण शून्यावर गेलं की नियम बदलतो. आधी 16 सेकंद काहीच होत नाही. त्यानंतर जनरेटर आतल्या आत भरायला लागतो, आणि निम्मी टाकी भरली की शील्ड एकदम उभं राहतं. या काळातली भरण्याची गती वेगळी, जास्त असते. पाच नंबरच्या साध्याची 3.75, बाय-वीव्हची 5.63.

साध्याला निम्मे म्हणजे 200 मेगाज्यूल हवेत. 200 भागिले 3.75 म्हणजे सुमारे 53 सेकंद, त्यात 16 मिळवले की 69. बाय-वीव्हला 150 हवेत. ते सुमारे 27 सेकंदांत होतात, 16 धरून 43. दोन्हींत 26 सेकंदांचा फरक पडला.

इथे एक गोष्ट उलटी वाटते, पण ती नीट समजून घ्यायला हवी. टाकी जितकी मोठी, तितकी ती पडल्यावर परत यायला उशीर, कारण निम्मा आकडाही मोठा होतो. साध्या शील्डवर बूस्टर नावाचे ए दर्जाचे दोन जोडभाग लावले की प्रत्येकी 20 टक्के वाढ मिळते आणि 400 चे 560 होतात. छान. पण आता पडल्यावर 280 भरावे लागतात. त्याला 75 सेकंद, वर 16, एकूण 91. पाइप तोच, टाकी वाढली. प्रिझमॅटिकवर चार-सहा बूस्टर चढवणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यांचं शील्ड पडलं की त्या लढाईपुरतं ते परत येणार नाही, असं धरूनच ते उडतात.

4. मार सगळा सारखा नसतो

छत्री पाऊस अडवते, पण सोसाट्याचा वारा आला की उलटते. शील्डचंही तसंच आहे. गोळी, तोफगोळा असा धडकणारा मार असेल तर शील्ड त्यातला 40 टक्के आधीच परतवतं. स्फोटाचा मार 50 टक्के परतवतं. लेसरसारख्या उष्णतेच्या माराला मात्र ते उणं पडतं, 20 टक्के जास्तच लागतो.

आपल्या 400 मेगाज्यूलच्या शील्डचा हिशेब करा. गोळ्यांचा 100 चा मार आला तर फक्त 60 लागतो, म्हणजे गोळ्यांपुढे ते सुमारे 667 मेगाज्यूलच्या शील्डइतकं वागतं. लेसरचा 100 चा मार 120 होऊन लागतो, म्हणजे लेसरपुढे तेच शील्ड 333 चं. हलचं याच्या उलट असतं : गोळीने तो लवकर फाटतो. म्हणूनच जुने खेळाडू आधी लेसरने शील्ड उतरवतात आणि मग मल्टिकॅननच्या गोळ्यांनी हल फोडतात. तुमच्यावरही हेच होणार, हे धरून चला.

खऱ्या अवकाशात असली ऊर्जेची ढाल कुणाकडे नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या भिंतींपासून थोड्या अंतरावर पातळ पत्र्याचं आवरण लावलेलं असतं. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने येणारा कण त्या पत्र्यावर आपटून चुरा होतो आणि चुरा पसरून भिंतीवर पडतो, एका जागी भोक पाडत नाही. फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाची ही 1940 च्या दशकातली कल्पना. तीसुद्धा धडकणाऱ्या कणांसाठी आहे, उष्णतेला वेगळी सोय करावी लागते. गेम बनवणाऱ्यांनी मारांचे प्रकार वेगळे ठेवले, ते मला म्हणूनच आवडतं.

ही 20 टक्क्यांची उणीव भरून काढता येते. 2016 साली गेममध्ये इंजिनीअर नावाचे कारागीर आले. लक्साक या ताऱ्याजवळचे लेई च्युंग शील्ड जनरेटरमध्ये फेरफार करून देतात. त्यांच्या दारात पाऊल ठेवायला पन्नासेक बाजारांत व्यापार केलेला असावा लागतो, आणि भेट म्हणून 200 टन सोनं न्यावं लागतं. बूस्टरचं काम करणाऱ्या डिडी व्हाटरमन यांना 50 टन लाव्हियन ब्रँडी द्यावी लागते. लाव्हे हा 1984 च्या गेममधला पहिला तारा, तिथूनच तेव्हाचा प्रत्येक खेळाडू निघायचा. चाळीस वर्षांपूर्वी लाव्ह्याहून निघालेल्या माणसाला आजही शील्डसाठी तिथे परत जावं लागतं, हे मला फार छान वाटतं.

अशा कारागिरीने उष्णतेचा प्रतिकार उणे 20 वरून अधिक 50 वर आला तर आपलं 400 चं शील्ड लेसरपुढे 800 चं होतं. टाकी तेवढीच, पाइप तेवढाच, फक्त नळातून गळती कमी झाली. आणि इथे बाय-वीव्हवाल्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा आहे. प्रतिकार वाढला की पाइपमधून परत आलेला प्रत्येक मेगाज्यूलही जास्त पुरतो. ज्याचा पाइप मोठा, त्याला याचा फायदा जास्त. म्हणून बाय-वीव्हबरोबर प्रतिकार वाढवणारे बूस्टर आणि प्रिझमॅटिकबरोबर टाकी वाढवणारे बूस्टर, अशी जोडी अनुभवी खेळाडू लावतात.

5. सहा पिप

जहाजाच्या समोरच्या पटलावर तीन उभ्या खोबण्या दिसतात : सिस्टिम, इंजिन, शस्त्रं. आपल्याकडे सहा ठिपके असतात, त्यांना पिप म्हणतात, आणि ते या तिघांत वाटायचे. एका खोबणीत जास्तीत जास्त चार. घरात इन्व्हर्टरवर पंखा, दिवे आणि टीव्ही चालवताना काय बंद करायचं हे आपण ठरवतो, तसंच हे.

सिस्टिममध्ये चार पिप टाकले की शील्डवर येणारा मार 60 टक्के कमी लागतो. दोन पिप असतील तर जवळजवळ 33 टक्के. शून्य असतील तर सगळा मार अंगावर. हे फुकटचं आहे, विकत घ्यावं लागत नाही, आणि तरी नवे खेळाडू पिप हलवतच नाहीत. महागडं शील्ड घेण्याआधी बोटांना ही सवय लावा असं मी प्रत्येकाला सांगतो. शील्ड भरण्यासाठी लागणारी वीजही सिस्टिमच्याच खोबणीतून येते. ती रिकामी असेल तर मोठा पाइपही कोरडा.

राहिला शील्ड सेल बँक. हा म्हणजे बोलावलेला टँकर. बटण दाबलं की साधारण पाच सेकंदांनी टाकीत पाणी ओततो. मात्र जहाज भयंकर तापतं, त्यामुळे उष्णता बाहेर टाकणारा हीट सिंकही बरोबर ठेवावा लागतो. त्या पाच सेकंदांत शील्ड पडलं तर टँकर वाया. म्हणून तो मोठ्या टाकीबरोबर शोभतो, जिथे पाच सेकंद तग धरायची खात्री असते.

6. आता कुणाला काय

भाच्याकडे परत येऊ. त्याला व्हल्चर घेऊन ग्रहांच्या कड्यांत चाच्यांना टिपायचं आहे. हे काम कसं चालतं? एक चाचा गाठा, अर्ध्या-पाऊण मिनिटात संपवा, इनाम खिशात घाला, पुढचा शोधा. मधे थोडी उसंत मिळते. समजा, दर लढाईत 100 मेगाज्यूलचा मार लागतो आणि दोन लढायांमध्ये 50 सेकंद मिळतात.

साधं शील्ड 400 पासून सुरू होतं. पहिल्या लढाईनंतर 300, उसंतीत 50 भरले, 350. दुसऱ्यानंतर 250, मग 300. तिसऱ्यानंतर 200, मग 250. चौथ्यानंतर 150, मग 200. पाचव्यानंतर 100. सहाव्यानंतर 50, आणि सातव्या लढाईत शील्ड पडलं. बाय-वीव्ह 300 पासून सुरू होतं. पहिल्यानंतर 200, आणि 50 सेकंदांत 110 भरण्याची ताकद, म्हणजे परत पूर्ण 300. दुसऱ्यानंतर 200, परत 300. सातवी, सतरावी, कितवीही असो, तेच. दुकानातल्या आकड्यात जे शील्ड शंभरने मागे होतं, ते संध्याकाळभर उभं राहतं, आणि दणकट म्हणून घेतलेलं तासाभराच्या आत लोळतं.

शिवाय व्हल्चरची आणखी एक अडचण जगजाहीर आहे. त्याला दोन मोठ्या तोफा आहेत, पण वीजनिर्मितीची जागा फक्त चार नंबरची. विजेची नेहमीच ओढाताण. त्यात दीडपट खाणारं प्रिझमॅटिक बसवलं की तोफ बंद करायची की इंजिनात कसर करायची, हा प्रश्न उभा. बाय-वीव्ह वीजही कमी खातं. भाच्याला मी हेच सांगितलं. त्याने पेन घेऊन वरचा हिशेब स्वतः केला, सातव्या लढाईवर येऊन थांबला आणि म्हणाला, “म्हणजे मी सातव्यालाच मेलो असतो.”

व्यापाऱ्याचं गणित अगदी वेगळं आहे. पायथन नावाच्या जहाजात माल भरून निघालेल्या माणसाला लढायचंच नसतं. त्याला वाटेत कुणीतरी ओढून थांबवतो. अशा वेळी शहाणा व्यापारी झटापट करत नाही, गती शून्य करून स्वतः थांबतो, त्यामुळे परत उडी मारण्याची यंत्रणा लवकर मोकळी होते. मग दुसऱ्या ताऱ्याकडे उडी घ्यायची, जवळच्या जवळ नाही, कारण दुसऱ्या ताऱ्याच्या उडीला मोठ्या जहाजाचं वजन आडवं येत नाही. या सगळ्यात साधारण अर्धा मिनिट जातो. त्याला शील्ड हवं ते अर्ध्या मिनिटापुरतं. पाइप किती मोठा याच्याशी त्याला देणंघेणं नाही, कारण मार सतत चालू असतो आणि भरायला उसंतच मिळत नाही.

समजा, पाठलाग करणाऱ्याचे लेसर सेकंदाला 30 मेगाज्यूल ओततात. शील्ड उष्णतेला उणं, म्हणून 36. सिस्टिममध्ये चार पिप टाकले की 60 टक्के गळाले, उरले 14.4. आता भागाकार : बाय-वीव्हचे 300 सुमारे 21 सेकंद टिकतात, साध्याचे 400 जवळजवळ 28, प्रिझमॅटिकचे 500 जवळजवळ 35. बाय-वीव्हवाला व्यापारी उडी लागायच्या आत उघडा पडला. साध्यावाला दोन सेकंदांनी हुकला. पण साध्यावर ए दर्जाचा एकच बूस्टर लावला की 480 होतात, म्हणजे 33 सेकंद, आणि तो निसटला. प्रिझमॅटिकच्या वजनाने उडीचा पल्ला घालवण्यापेक्षा मी व्यापाऱ्याला साधं शील्ड आणि एक-दोन बूस्टर सुचवतो. चार पिप टाकायला विसरलात तर मात्र 400 चं शील्ड 11 सेकंदांत संपतं, मग कुठलंही घ्या.

खाणकाम करणारे या दोघांच्या मधे बसतात, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कड्यात शिरताना चाचे येऊन माल तपासतात, तो वेळ गेला की बहुतेक शांतता.

युद्धक्षेत्रात उतरणाऱ्यांना उसंत मिळत नाही. चहूबाजूंनी मारा, एक संपवला तर दुसरा मागे. तिथे प्रिझमॅटिक, टाकी वाढवणारे बूस्टर आणि सेल बँक ही जुळणी खरी शोभते, अर्थात त्याची वीज पुरवणारं फेर-द-लान्स किंवा कॉर्व्हेटसारखं जहाज हवं. खऱ्या माणसांशी लढणारेही बहुतेक याच वाटेने जातात. थारगॉइड नावाच्या परग्रही शत्रूंचे मारे शील्ड भेदून हलपर्यंत पोचतात, म्हणून त्यांच्याशी लढणारे काही जण शील्ड काढून टाकतात आणि सगळा भर जाड हलवर ठेवतात.

शोधयात्रींची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण त्यांना कुणी मारत नाही, तरी शील्ड लागतं. कोलोनिया ही वसाहत सूर्यापासून 22,000 प्रकाशवर्षं दूर आहे, आणि त्याच्याही पलीकडे जाणारे महिनोन्‌महिने कुठल्या बंदराला शिवत नाहीत. वाटेत ग्रहांवर उतरतात. ग्रह वजनदार असेल तर जहाज दगडासारखं खाली येतं. अखेनार 3 या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे 6.7 पट आहे, तिथे शेवटच्या काही मीटरांत हात ढिला सोडला की आपटलंच. शील्ड असेल तर ते आपटणं शील्ड खातं. नसेल तर हल खातो, आणि दुरुस्ती हजारो प्रकाशवर्षं दूर.

पण शोधयात्रीला हलकं राहायचं असतं, कारण वजन कमी तर एका उडीत लांब. म्हणून इथे ए दर्जा उपयोगाचा नाही. तीन नंबरच्या आकारात डी दर्जाचं जनरेटर 2 टनांचं, ए दर्जाचं 5 टनांचं आणि प्रिझमॅटिक 10 टनांचं. अ‍ॅनाकाँडा हे गेममधलं प्रचंड जहाज, पण त्याच्या हलचं वजन फक्त 400 टन. तीन नंबरचं जनरेटर 413 टनांपर्यंतचा हल पेलतं. तेरा टनांची फट, आणि त्या फटीतून शोधयात्रींनी एवढ्या मोठ्या जहाजाला एवढंसं शील्ड बसवण्याची सोय काढली. ते लढाईत दोन मिनिटंही टिकणार नाही. पण खडबडीत दरीत उतरताना होणारा ठोसा त्यात सहज मावतो, आणि तेवढंच त्यांना हवं असतं.

7. त्रेचाळीस सेकंद

बाय-वीव्ह लावूनही शील्ड पडतंच कधीतरी. परवा भाच्याच्या शेजारी बसून मी ते पाहिलं. पटलावर जहाजाच्या छोट्या आकृतीभोवती तीन निळी कडी असतात, शील्ड जाताना ती बाहेरून एकेक करून विझतात. शेवटचं कडं विझलं, संगणकाच्या बाईचा आवाज आला की शील्ड गेलं, आणि लगेच काचेवर पहिला तडा उठला. काच पूर्ण फुटली की कॉकपिटमधली हवा निघून जाते आणि पडद्यावर ऑक्सिजनचे मिनिटांचे आकडे उलटे चालू लागतात. साध्यातल्या साध्या यंत्रणेत पाच मिनिटं मिळतात.

आधी त्याचा हात शस्त्रांच्या बटणाकडेच जात असे. या वेळी त्याने दोन चापट्यांत पिप सिस्टिमकडे आणि इंजिनाकडे ओढले, शस्त्रांचे काढून घेतले, जहाज चाच्यापासून फिरवलं आणि एका मोठ्या लघुग्रहाच्या मागे गेला. मी मनातल्या मनात मोजत होतो. सोळापर्यंत काहीच नाही, हे त्याला ठाऊक होतं, त्याने तोंडाने फक्त “सोळा” म्हटलं. चाचा दगडाला वळसा घालून आला तसा हाही दगडाभोवती सरकत राहिला, पाळण्यातल्या मुलाभोवती फिरावं तसा, अंतर न तोडता. दोनदा गोळ्या लागल्या, हल 61 वर आला. तिसाच्या पुढे तो बोललाच नाही.

“त्रेचाळीस,” तो म्हणाला, आणि आकृतीभोवती निळं कडं परत लागलं.